कूलर, एसी आणि शेजाऱ्याची झोप

नागपूरहून अमरावती रस्त्याने पश्चिमेकडे निघाले, की शहराला लागूनच वाडी येते. ट्रान्सपोर्टची कार्यालये, गोदामे, ट्रकांच्या रांगा आणि जवळची अंबाझरीची आयुध निर्माणी यांमुळे हे नाव अनेकांना ठाऊक आहे. पण मोठा रस्ता सोडून आत वळले, की एकामागून एक ले-आऊट सुरू होतात. शेजारी-शेजारी प्लॉट, त्यांवर एक-दोन मजली घरे, आणि दोन घरमालकांनी सोडलेली जागा मिळून मधोमध आठ-दहा फुटांची बोळ. होळी झाली, की घरोघरी कूलर बाहेर निघतात. टाकी घासली जाते, जुने वूडवूल काढून नवे भरले जाते, पंपाला धक्का देऊन तो फिरतो का ते पाहिले जाते. मग लोखंडी स्टँडवर चढून कूलर खिडकीला लागतो आणि पुढचे तीन महिने तिथून हलत नाही.

दिवसा त्याचा आवाज कोणाच्या लक्षात येत नाही. रात्री अकरानंतर मात्र तीच घरघर सगळ्या बोळीत भरून राहते. अलीकडे तिच्या जोडीला एसीच्या आउटडोअर युनिटचा घुमणारा आवाज आला आहे. ज्याच्या घरात यंत्र आहे, तो थंड हवेत झोपतो. ज्याच्या खिडकीसमोर ते लावलेले आहे, तो कूस बदलत राहतो. यातून होणारे वाद आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. ‘माझ्या घरात मी काहीही लावीन’ आणि ‘मला झोपू द्या’ या दोन वाक्यांच्या पुढे हे वाद सहसा जात नाहीत.

या वादात विज्ञान काही मदत करू शकते का? निश्चित करू शकते. पण त्याआधी एक गोष्ट मान्य करायला हवी. यंत्र बंद करा, असे विदर्भात मे महिन्यात कोणी कोणाला सांगू शकत नाही. २०१३ सालच्या मे महिन्यात नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. ४३-४४ अंश तर इथे नेहमीचेच. दिवसभर तापलेल्या भिंती रात्री उष्णता बाहेर टाकत राहतात. शरीराला रात्री गारवा मिळाला नाही, तर दिवसाचा ताण उतरत नाही; वृद्ध, लहान मुले आणि आजारी माणसे यांच्या बाबतीत ते जिवावरही बेतू शकते. तेव्हा थंडावा ही चैन नाही, गरज आहे. आणि झोप हीसुद्धा गरजच आहे. या दोन गरजांचे भांडण न लावता दोन्ही कशा भागवता येतील, एवढाच आपला प्रश्न आहे.

कूलर चालतो कसा आणि एसी का आला?

कूलरचे तत्त्व माठाचेच आहे. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता घेते. ओल्या वूडवूलमधून कोरडी हवा ओढली, की ती गार होते. ही हवा किती गार होऊ शकेल, याला एक मर्यादा असते. तापमापीच्या फुग्यावर ओले फडके गुंडाळून वारा घातला, की जे तापमान दिसते, ती ही मर्यादा. मे महिन्यात दुपारी हवा ४३ अंशांवर आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फुग्याचे तापमान सुमारे २२ अंश भरते. म्हणजे तफावत २१ अंशांची. बऱ्यापैकी कूलर या तफावतीचा तीन-चतुर्थांश भाग गाठतो, आणि खोलीत २७ अंशांच्या आसपासची हवा सोडतो. थोड्याशा विजेत मिळणारे हे सुख फार मोलाचे आहे.

पाऊस सुरू झाल्यावर चित्र पालटते. हवा ३२ अंशांवर आणि आर्द्रता ७५ टक्के असेल, तर ओल्या फुग्याचे तापमान २८ अंश असते. आता तफावत अवघी ४ अंशांची. कूलर फार तर ३ अंश उतरवील आणि वर खोलीत दमटपणा वाढवील. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या उत्तरार्धात उघडतात, तेव्हा नेमकी अशी हवा असते. एसी हवेतले बाष्पही काढून टाकतो, म्हणून ज्यांना परवडते ते तिकडे वळतात.

पण एसी थंडी ‘तयार’ करत नाही. खोलीतली उष्णता उचलून तो बाहेर नेऊन टाकतो. दीड टनाचा एसी पूर्ण क्षमतेने चालताना खोलीतून सुमारे ५.३ किलोवॉट उष्णता उचलतो. त्यासाठी त्याला सुमारे दीड किलोवॉट वीज लागते, आणि तीही अखेर उष्णताच होते. म्हणजे बाहेरच्या बोळीत जवळजवळ ६.८ किलोवॉट उष्णता पडते. एक किलोवॉटच्या सहा-सात शेगड्या पेटवून ठेवाव्यात, तशी. उष्णता बाहेर टाकण्यासाठी मोठा पंखा लागतो, कॉम्प्रेसर लागतो, आणि ही दोन्ही यंत्रे आवाज करणारी आहेत. थोडक्यात, आतल्या शांत, गार खोलीची किंमत बाहेर दोन रूपांत मोजली जाते: उष्णता आणि आवाज.

आवाज नेमका कशाचा?

कूलर किंवा आउटडोअर युनिट जवळून ऐकले, तर तीन प्रकारचे आवाज वेगळे ओळखता येतात.

पहिला हवेचा. पंख्याची पाती हवा कापत जातात, तेव्हा भोवरे निर्माण होतात आणि एक सपाट ‘सूं’ असा आवाज येतो. त्यात सर्व वारंवारता मिसळलेल्या असतात. हा आवाज कानाला फारसा टोचत नाही.

दुसरा एकसुरी. पंख्याचे प्रत्येक पाते एखाद्या ठरावीक जागेवरून जाताना हवेला एक टोला देते. मिनिटाला १४०० फेरे घेणाऱ्या पंख्याला ४ पाती असतील, तर सेकंदाला १४०० × ४ ÷ ६०, म्हणजे सुमारे ९३ टोले बसतात. ९३ हर्ट्झचा खर्जातला ‘घूं’ असा सूर उमटतो. आपली वीज ५० हर्ट्झची. तिच्या चुंबकीय ओढीमुळे मोटरचे लोखंड सेकंदाला १०० वेळा थरथरते आणि १०० हर्ट्झची गुणगुण वेगळी येते.

तिसरा थरथरीचा. मोटर किंवा कॉम्प्रेसर जरासा असंतुलित असला, की त्याचे हादरे स्टँडमधून भिंतीत उतरतात. कूलरचा पत्रा, खिडकीचे गज, काचा, भिंतीत ठोकलेले ब्रॅकेट यांना ते हलवतात. छोट्याशा सतारीच्या तारेचा आवाज भोपळा जसा मोठा करतो, तसेच इथे भिंत करते. स्थानिक कारागिरांकडून बनवून घेतलेल्या पत्र्याच्या कूलरमध्ये हा आवाज बरेचदा सर्वांत मोठा असतो. आणि गंमत म्हणजे, तो घालवणे सर्वांत स्वस्त असते.

डेसिबलचा हिशेब

आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. हे माप लॉगॅरिथमवर आधारलेले आहे, म्हणून नेहमीची बेरीज इथे चालत नाही. ५० डेसिबलचे दोन कूलर एकत्र चालू केले, तर १०० डेसिबल होत नाहीत, ५३ होतात. ध्वनीची ऊर्जा दुप्पट झाली, की पातळी ३ डेसिबलने वाढते. चार सारखे कूलर असतील तर ६ ने, दहा असतील तर १० ने वाढते. आपल्या कानाला आवाज ‘दुप्पट’ वाटायला मात्र साधारण १० डेसिबलची वाढ लागते.

आता दोन असमान आवाज घेऊ. एक ६० डेसिबलचा, दुसरा ५० चा. बेरीज येते ६०.४. म्हणजे लहान आवाज जवळजवळ हरवून जातो. यातून एक व्यवहारी धडा मिळतो. मोहल्ल्यात दहा यंत्रे असतील आणि त्यांतले एक फार खडखडत असेल, तर इतर नऊ गप्प करून काही साधणार नाही. आधी ते एक दुरुस्त केले पाहिजे.

अंतराचा नियमही सोपा आहे. मोकळ्या जागेत लहान उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले, की पातळी ६ डेसिबलने उतरते. आउटडोअर युनिटच्या माहितीपत्रकात १ मीटरवर ५५ डेसिबल असे लिहिलेले असेल, तर २ मीटरवर ४९, ४ मीटरवर ४३ आणि ८ मीटरवर ३७ अशी उतरंड मिळते. हे वाचून वाटेल, की मग तक्रार कशाची?

तक्रार आहे ती बोळीची. मोकळ्या मैदानातला आवाज एकदा दूर गेला, की परत येत नाही. बोळीत मात्र तो समोरच्या भिंतीवर आदळून परततो, या भिंतीवर आदळून पुन्हा तिकडे जातो. यंत्राच्या पाठीशी सिमेंटची भिंत असली, की सुमारे ३ डेसिबलची भर पडते. खाली फरशी किंवा बाजूला दुसरी भिंत असली, की आणखी ३. तेच ५५ डेसिबलचे युनिट बोळीत लावले आणि शेजाऱ्याची खिडकी ३ मीटरवर असली, तर अंतरामुळे ९.५ डेसिबल उतरून ४५.५ राहतात, पण भिंतींमुळे ३ ते ६ पुन्हा चढून ४९ ते ५२ होतात. बोळीत अशी तीन-चार युनिटे जमली, तर ५५ सुद्धा ओलांडले जातात. माहितीपत्रकातला आकडा खोटा नसतो, पण तो यंत्राचा असतो. शेजाऱ्याच्या खिडकीतला आकडा यंत्र आणि जागा या दोघांचा मिळून असतो.

रात्रच का वैरीण?

दिवसा रहदारी, भांडी, रेडिओ, मुलांचा दंगा या सर्वांची मिळून एक पार्श्वभूमी असते आणि तिच्यात कूलर बुडून जातो. रात्री ही पार्श्वभूमी १०-१५ डेसिबलने खाली उतरते. यंत्राचा आवाज तेवढाच राहतो, पण आता तो एकटा उरतो. म्हणूनच शेजाऱ्याला ‘दिवसा कसा नाही ऐकू येत?’ असे विचारण्यात अर्थ नसतो.

दुसरे कारण खर्जाचे. मापन यंत्र साधारणतः माणसाच्या कानाप्रमाणे खालच्या सुरांना कमी महत्त्व देऊन आकडा दाखवते. या पद्धतीला ए-भारांकन म्हणतात. तिच्यात १०० हर्ट्झच्या सुरातून सुमारे १९ आणि ५० हर्ट्झच्या सुरातून सुमारे ३० डेसिबल वजा होतात. त्यामुळे ‘घूं’ करणाऱ्या यंत्राचा आकडा सौम्य दिसतो. परंतु बंद खिडकी वरचे सूर जास्त आणि खर्ज कमी अडवते. परिणामी पलंगावर पडलेल्या माणसाला उरतो तो नुसता खर्ज, आणि तोच छातीत घुमल्यासारखा वाटतो.

तिसरी गोष्ट अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना विशेष आवडेल. दोन कूलर शेजारी-शेजारी चालू आहेत. एकाचा सूर ९३ हर्ट्झ, दुसऱ्याचा ९२. दोन्ही लहरी कधी एकमेकींना साथ देतात, कधी एकमेकींना मारतात, आणि सेकंदाला एकदा आवाज फुगतो व ओसरतो: घूंऽऽ–घूंऽऽ–घूंऽऽ. पुस्तकात दोन नादकाट्यांनी दाखवलेले विस्पंद ते हेच. सलग आवाजाची सवय होऊ शकते. असा झुलणारा आवाज मात्र मन सारखे आपल्याकडे ओढून घेतो. एसीचा कॉम्प्रेसर थांबून पुन्हा धडकन् सुरू होतो, तेव्हाही हेच घडते. जागे करते ते आवाजाच्या मोठेपणापेक्षा त्याचे बदलणे.

नियम काय म्हणतात?

भारतात १९८७ साली हवा प्रदूषणाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन आवाजाचा समावेश प्रदूषकांमध्ये झाला. पुढे १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली २००० साली ध्वनिप्रदूषणाचे स्वतंत्र नियम आले. त्यांनुसार निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शांतता क्षेत्रासाठी हेच आकडे ५० आणि ४० आहेत. हे आकडे एखाद्या क्षणाचे नसून ठरावीक काळातल्या आवाजाच्या सरासरी ऊर्जेचे आहेत, हे लक्षात ठेवावे.

तक्रार कधी करता येते? याच नियमांनुसार आवाज मर्यादेपेक्षा १० किंवा अधिक डेसिबलने जास्त असेल, तर. म्हणजे रात्री खिडकीशी ५५ भरले पाहिजेत. आपण वर काढलेले ४९ ते ५२ हे मर्यादेच्या वर आहेत, पण तक्रारीच्या रेषेच्या खाली! शेजाऱ्याची झोप मोडते, आणि कायदा मात्र अजून दारापर्यंत आलेला नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार शांत झोपेसाठी शयनगृहात ३० डेसिबलच्या वर सलग आवाज नसावा. अर्धवट उघडी खिडकी साधारण १५ डेसिबल अडवते असे धरले, तर बाहेर ४५ हवेत. आपली रात्रीची मर्यादा याच आकड्याशी जुळते.

यंत्र बनवणाऱ्यांसाठीही मर्यादा आखलेल्या आहेत. पर्यावरण संरक्षण नियमांच्या सहाव्या अनुसूचीत घरगुती उपकरणांची एक छोटी यादी आहे. त्यात १ ते १.५ टनाच्या खिडकीतल्या एसीला ६८, कूलरला ६० आणि फ्रिजला ४६ डेसिबल अशा मर्यादा असून कारखान्यातच त्या गाठण्यासाठी ३१ डिसेंबर १९९३ ही मुदत दिली होती. यादीत उल्लेख आहे तो खिडकीतल्या एसीचा. आज बोळीत लटकणारी आउटडोअर युनिटे तेव्हा घरोघरी आलेली नव्हती.

जर्मनीत १९९८ च्या नियमांत एक चांगली कल्पना आहे. तिथे आवाज यंत्राजवळ नव्हे, तर ज्याला त्रास होतो त्याच्या उघड्या खिडकीबाहेर अर्ध्या मीटरवर मोजतात. शिवाय आवाज एकसुरी असेल, तर मोजलेल्या आकड्यात ३ किंवा ६ डेसिबल मिळवतात. म्हणजे ‘घूं’ जास्त त्रासदायक असतो, हे तिथे हिशेबात धरले आहे.

एकाच्या गारव्यातून दुसऱ्याचा एसी

या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे आणि ती अधिक महत्त्वाची आहे. उन्हाळ्यात संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपायचे, अंथरुणे गार होऊ द्यायची आणि उघड्यावर झोपायचे, ही विदर्भातली जुनी रीत. त्याआधी दारे-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी मारत. यांत आवाज नव्हता आणि शेजाऱ्याच्या अंगावर उष्णता टाकणेही नव्हते. आजही ज्यांना एसी परवडत नाही, त्यांचा आधार रात्रीची मोकळी हवा हाच आहे.

आता शेजारच्या गच्चीवर आउटडोअर युनिटे बसली. ती गरम झोत आणि आवाज दोन्ही फेकतात. गच्चीवर झोपणारा खाली येतो. खाली बोळीतली खिडकी उघडावी, तर तिथेही तेच. तो खिडकी लावून घेतो. खिडकी लागली की खोली तापते, आणि उसनवारी करून का होईना, त्यालाही एसी घ्यावासा वाटतो. त्याचे युनिट मग तिसऱ्याच्या खिडकीसमोर लागते. असे हे चक्र वाढत जाते. ज्याला हप्ते परवडत नाहीत, तो मात्र बंद खिडकीआड उकाडा सोसतो. म्हणून आवाज कमी करणे हे केवळ सौजन्य नाही. मोहल्ल्यातल्या सर्वांत गरीब घराची खिडकी उघडी राहू देणे, हा त्याचा खरा अर्थ आहे.

उपाय: खर्चाच्या चढत्या क्रमाने

१. वेग कमी करा. पंख्याचा आवाज वेगाबरोबर फार झपाट्याने वाढतो. वेग २० टक्क्यांनी कमी केला, तर हवा २० टक्क्यांनी कमी होते, पण आवाज सुमारे ५ डेसिबलने उतरतो. पाती फिरवायला लागणारी शक्तीही जवळजवळ निम्म्यावर येते. वेग निम्मा केला, तर आवाज सुमारे १५ डेसिबलने पडतो. रात्री बाहेरची हवा तशीही थोडी उतरलेली असते. तेव्हा दहानंतर कूलर मध्यम किंवा कमी वेगावर ठेवणे, हा फुकटचा उपाय आहे. वेग बदलू शकणारा इन्व्हर्टर एसी खोली गार झाल्यावर हळू चालतो. मात्र तापमान १८ वर लावून ठेवले, तर त्याला उसंतच मिळत नाही. २४ ते २६ वर ठेवून वरचा पंखा हळू लावावा.

२. स्क्रू आवळा, पाती पुसा. मोसमाच्या सुरुवातीला मोटरचे बोल्ट, पत्र्याचे स्क्रू आणि खिडकीला टेकलेले कोपरे तपासावेत. एका पात्यावर क्षार जमले, की पंखा असंतुलित होतो. एसीच्या बाहेरच्या जाळीत धूळ भरली, की उष्णता बाहेर पडत नाही, कॉम्प्रेसरवर ताण येतो आणि आवाज वाढतो. वाडीसारख्या ट्रकांच्या गावात धूळ लवकर साचते, हे ध्यानात ठेवावे.

३. हादरे तोडा. स्टँडच्या पायांखाली आणि युनिटच्या चार टेकूंखाली रबर घालावे. पण कोणतेही रबर चालत नाही. ते वजनाखाली किती दबते, यावर सर्व अवलंबून असते. दबण्याचे माप मिलिमीटरमध्ये घेऊन त्याच्या वर्गमुळाने १६ ला भागले, की त्या टेकूची स्वाभाविक वारंवारता हर्ट्झमध्ये मिळते. ४ मिलिमीटर दबणारे रबर: १६ ÷ २ = ८ हर्ट्झ. मिनिटाला १४०० फेऱ्यांची मोटर २३ हर्ट्झने हादरे देते. ते ८ च्या जवळजवळ तिप्पट असल्याने बहुतेक अडतात. टायरचा कडक तुकडा एक मिलिमीटरच दबत असेल, तर १६ हर्ट्झ येतात आणि फायदा नगण्य होतो. टणक झालेले जुने रबर दर दोन-तीन वर्षांनी बदलावे.

४. जागा आणि तोंड बदला. युनिट बसवायच्या आधी कारागिराला बोळीत नेऊ नका; आधी शेजाऱ्याला घेऊन घराभोवती एक फेरी मारा. त्याची झोपायची खोली कोणती, हे विचारा. रस्त्याच्या किंवा मागच्या मोकळ्या बाजूला लावता आले, तर भिंतींची ३ ते ६ डेसिबलची भर टळते आणि अंतर वाढल्याने आणखी ६ उतरतात. अर्ध्या विटेच्या पातळ भिंतीवर ब्रॅकेट ठोकू नये. ती ढोलासारखी वाजते.

५. आड भिंत घाला. गच्चीचा भरीव कठडा यंत्र आणि शेजाऱ्याची खिडकी यांच्या बरोबर मध्ये येत असेल, तर चांगला उपयोग होतो. यंत्र जेमतेम दिसेनासे झाले, तरी सुमारे ५ डेसिबल कमी होतात. आड जास्त उंच असेल तर १० पर्यंतही जाता येते. आड भरीव हवी, फटी नकोत, आणि हवेला मोकळी वाट ठेवलेली हवी.

याउलट काही उपाय फसवे आहेत. युनिटवर गोणपाट किंवा प्लायवूडची पेटी घालणे हा त्यांतला पहिला. हवा कोंडते, यंत्र तापते आणि आवाज वाढतो. कुंड्यांची रांग किंवा वेलीचा पडदा हिरवा दिसतो, पण खर्ज त्यातून सहज आरपार जातो. खिडकीला जाड पडदा लावल्याने आतला प्रतिध्वनी थोडा कमी होईल. बाहेरचा ‘घूं’ थांबणार नाही.

वर्गात आणि घरी करून पाहा

मोबाइलवर आवाज मोजणारी ॲप मिळतात. नागपुरातच मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीनेही असे एक ॲप तयार केले आहे. प्रत्येक मोबाइलचा माइक वेगळा असल्याने आकड्यात काही डेसिबलचा फरक पडतो. म्हणून एकाच मोबाइलने तुलना करावी; आकडा पुरावा म्हणून वापरू नये.

प्रयोग १: शाळेच्या मैदानात कूलर चालू करून १, २, ४ आणि ८ मीटरवर वाचन घ्या. मग तोच कूलर दोन इमारतींमधल्या अरुंद जागेत ठेवून पुन्हा घ्या. दोन्ही आलेख एकाच कागदावर काढा. ६ डेसिबलची उतरंड कुठे दिसते आणि कुठे मोडते?

प्रयोग २: दोन सारखे कूलर आधी एकेक, मग दोन्ही चालू करा. ३ डेसिबलची वाढ मिळते का? विस्पंद ऐकू येतात का? येत असतील, तर एका मिनिटात किती, ते मोजा.

प्रयोग ३: कूलर चालू असताना लाकडी पट्टीचे एक टोक स्टँडला आणि दुसरे कानामागच्या हाडाला लावा. पट्टी फिरत्या भागांपासून आणि विजेच्या जोडणीपासून दूर ठेवावी, आणि शिक्षक जवळ असावेत. मग कूलर बंद करून पायांखाली जुन्या स्पंजाच्या चपलेचे तुकडे घाला आणि पुन्हा ऐका. कूलर हलवताना प्लग काढलेला असलाच पाहिजे.

प्रयोग ४: विद्यार्थ्यांनी आपापल्या बोळीचा नकाशा काढावा. कोणती खिडकी झोपायच्या खोलीची, कुठे कूलर, कुठे युनिट आणि त्याचे तोंड कुठे, हे दाखवावे. मग यंत्रे तेवढीच ठेवून त्यांच्या जागा अशा बदलाव्यात, की कोणाच्याही झोपेच्या खिडकीला कमीत कमी त्रास व्हावा. या कोड्याला एकच बरोबर उत्तर नाही, म्हणून त्यावर वर्गात चर्चा चांगली रंगते.

हा नकाशा विद्यार्थ्यांनी घरी नेऊन वडीलधाऱ्यांना दाखवावा, असे सुचवावेसे वाटते. ‘काका, तुमचा कूलर बंद करा’ असे म्हणणाऱ्या मुलावर कोणीही रागावेल. ‘काका, पायांखाली रबर घालून पाहू या का? आणि दहानंतर वेग एक घर कमी केला, तर चालेल का?’ असे विचारणाऱ्या मुलाला नाही म्हणणे कठीण आहे. कारण तो गारवा काढून घ्यायला आलेला नाही. बोळीच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्या रात्री उघड्या राहाव्यात, एवढेच त्याचे मागणे आहे.